झोपेची राखण

कडी वाजायच्या आत मंजुळाबाईनं दार उघडलं. पायऱ्यांवर पावलं ऐकू आली की ती हातातलं काम टाकून दाराशी जायची. इतक्या वर्षांत तिचे कानच तसे झाले होते.

बाहेर चुलतभाऊ जीवराम उभा होता. भडगावहून आलेला, धुळीनं माखलेला. तिनं ओठांवर बोट ठेवलं, बाहेर आली आणि दार मागं ओढून घेतलं.

आत तिचा नवरा झोपला होता. हिलाल एसटीत ड्रायव्हर. साडेपाचची नाशिकची गाडी घेऊन जायचं, तिथं गाडीतच अर्धवट झोपेचा मुक्काम करायचा, सकाळी नऊला धुळ्यात परत. अकरा ते चार हीच त्याची रात्र. त्या पाच तासांची राखण मंजुळाबाई करायची. खिडकीला ओलं गोणपाट टांगायची. मिरच्या कुटायच्या तर शेजारी शेवंताबाईच्या ओट्यावर. बोहारीणसुद्धा त्यांच्या गल्लीत शिरली की आवाज बंद करायची. मंजुळाबाई स्वतः पहाटेपासून उभी असे, पण दुपारी पाठ टेकत नसे. डोळा लागला आणि तेवढ्यात कुणी कडी वाजवली तर?

शेवंताबाईचा नवरा उखर्डू कापसाच्या ट्रकवर होता. दोन रात्रींची झोप बाकी असताना निघाला आणि पारोळ्याच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, लख्ख उन्हात ट्रक निंबाच्या झाडावर घालून जागीच गेला. रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूणसुद्धा नव्हती. तेव्हा हिलालनं तिला समजावून सांगितलं होतं. ब्रेक, टायर निघायच्या आधी तपासता येतात. वळणावर कुणाच्या पुढं काढायचं नाही, बैलगाड्यांच्या रस्त्याला वेग आवरायचा, एवढं पाळलं की पुष्कळ निभतं. पण डोळ्यांत झोप असली, नाहीतर डोक्यात घरचं काही घोळत असलं, तर समोरचा रस्ता दिसतच नाही. आणि पाठीमागं चाळीस माणसं बसलेली असतात.

ती चाळीस माणसं त्या दिवसापासून मंजुळाबाईच्या डोक्यात जी बसली, ती उठलीच नाहीत. यंदा आखाजीच्या सणाला माहेरी जायचंसुद्धा तिनं टाळलं होतं.

"अक्का, आबा ग्या," जीवराम हळू आवाजात म्हणाला. "आज सकायले."

वडील गेल्याचं ऐकून तिनं भिंतीला हात लावला.

"चाल. एकनी गाडी शे. तू येस तोपर्यंत बठ्ठा लोक थांबतीन."

आता निघायचं म्हणजे त्याला उठवायचं. न उठवता गेलं तर जागा झाल्यावर शेजारचं कुणीतरी सांगणारच. आबांनी हिलालला पोटच्या पोरासारखं वागवलेलं. ते ओझं डोक्यात घेऊन तो चांदवडचा घाट ओलांडणार.

"मी सांजले येसू," ती म्हणाली. "मनी वाट नका दखा. उचली ल्या."

"बापनं तोंडबी नही दखशी का?"

तिनं नुसती आतल्या बाजूला मान हलवली. "त्यासले गाडी लई जानी शे."

जीवराम तिच्याकडे पाहत राहिला. मग टोपी नीट केली आणि आला तसा पाणीही न पिता गेला.

ती आत आली. खोल्यांच्या मध्ये पत्र्याचा आडोसा होता. हुंदका दिला तरी पलीकडे गेला असता. मोरीशेजारी पदर तोंडात कोंबून बसली. एक वाजला, दोन वाजले. आता तिकडे आबांना आंघोळ घालत असतील. आता उचललं असेल. तीनच्या सुमाराला ती उठली आणि भाकरीचं पीठ घेतलं.

चारला हिलाल जागा झाला. अलीकडे झोपेतून उठला तरी तो दमलेलाच दिसायचा. पूर्वी जेवताना रस्त्यावरच्या गोष्टी सांगायचा. कुठं ट्रक कलंडला, कोण भर वळणावर पुढं घुसला. आता पन्नाशी आली, बोलणं कमी झालं. पायांची बोटं पांढरी पडून चिरलेली असायची. दिवसरात्र बुटात पाय, दुसरं काय होणार, म्हणून ती रोज तेल चोळायची.

तिला भीती होती आपल्या डोळ्यांची. सुजून लाल झाले होते. ताट वाढताना तिनं मान खाली घातली, पण पाणी देताना वर बघावंच लागलं. दारातून उजेड सरळ तिच्या तोंडावर येत होता. हिलालनं तिच्याकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं.

"तू जेवनी का?" त्यानं विचारलं.

तिनं मान डोलावली. त्याच्या काही लक्षात आलं नव्हतं. तिचा जीव भांड्यात पडला.

त्यानं खाकी चढवली, पिशवी घेतली.

"धीरे जा," ती रोजच्यासारखं म्हणाली.

"हं," तो रोजच्यासारखं म्हणाला.

तो गल्लीबाहेर गेला, तरी ती आणखी तासभर थांबली. मग दार लावून मोकळी रडली, तोंड धुतलं, एक लुगडं पिशवीत घातलं आणि चालत स्टँडवर आली. भडगावकडची गाडी साडेसहाला होती. उन्हं अजून फलाटावर होती. ती कंट्रोलरच्या खिडकीशी गेली.

"भाऊ, नाशिकची गाडी गेली का?"

"केव्हाच. साडेपाचच्या ठोक्याला."

तिनं श्वास सोडला. दिवसभरात पहिल्यांदा अंग सैल पडलं. त्याला काही न कळता तो निघाला होता. चाळीस माणसं सुखरूप पोचणार होती.

"मग एक निरोप द्याल? सकाळी ते परत आले की घरी जाऊ नका म्हणावं, तसेच भडगावला या. माझे वडील गेले. मी त्यांची मंडळी." नवऱ्याचं नाव तिनं अगदी खालच्या आवाजात घेतलं. "हिलाल ड्रायव्हर."

कंट्रोलरची पेन्सिल थांबली. त्यानं मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"सकाळपर्यंत कशाला थांबता, अक्का? दिवाळीत डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, तेव्हापासून हिलालभाऊ रात्रपाळीला इथं मागंच गाड्या धुतात. हाक मारू?"