परत द्यायची हाक

लेकीच्या लग्नाला रानबा मांडवात नव्हता. "अंगात कणकण आहे," असं घरी सांगून तो आडवाटेनं कड्यावर चढला आणि फुटक्या दगडांच्या ढिगाआड दडून बसला.

सादोरी लोकांचा देव या कड्यातच राहायचा. भगतानं खालून नवरानवरीची नावं पुकारायची आणि कड्यानं ती परत दिली, की लग्न लागलं. ज्या नावाला साद येत नाही, त्याचा संसार होत नाही, असं जुनी माणसं सांगायची. पण खाणीनं कडा पोखरला आणि साद बंद झाली. पोटासाठी का होईना, पहिल्या सुरुंगाला बत्ती रानबानंच दिली होती.

"हिरजीऽऽ!" खालून भगताची आरोळी आली. रानबानं आवाज बदलून ती परत दिली.

"सरवंतीऽऽ!"

"मुंगेऽऽ!" रानबाच्या तोंडून निघून गेलं.

त्यानं जीभ चावली. त्या नावानं लेकीला त्याच्याशिवाय कुणीच हाक मारत नसे. खाली कुजबुज सुरू झाली. शेवटी भगतच ओरडला, "देव लाडात आलाय रे! लागलं लग्न, वाजवा!"

ढोलावर टिपरू पडायच्या आत नवरी पुढं आली. कड्याकडं तोंड करून तिनं हाक मारली, "आबाऽऽ!"

देवाला आलेली प्रत्येक हाक परत द्यावीच लागते. रानबानं हात तोंडाशी नेले, पण गळ्यातून आवाज फुटेना. खाली लेक मान वर करून वाट बघत राहिली, आणि त्यानंच मुका केलेला कडा आज त्याच्याच पायी पुन्हा मुका झाला.