गाडीतली बडबड

विनता गेल्याचं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा तिची चिमी दवाखान्याबाहेर गाडीत वाट बघत होती. त्यानंतर ते इवलंसं कुत्रं गाडीत बसवलं की थरथर कापायचं, ओकायचं. अच्युतरावांनी सीटवर विनताची शाल अंथरली, बंद गाडीत बसून पोळी भरवली, नुसतं कोपऱ्यापर्यंत नेऊन आणलं. कापणं थांबेना.

“बाबा, आई काय करायची गाडीत?” चिमीला मांडीवर घेऊन मागे बसलेल्या लेकीनं, अपूर्वानं विचारलं.

“बडबड. नर्मदेवर ग्वारीघाटाला पोचेपर्यंत तोंड बंद नाही.”

“मग तुम्ही बोला ना. आई चिमीशीच तर बोलून राहायची.”

“मला वाटायचं, माझ्याशी बोलते.”

“तुम्ही कधी हूं तरी केलं का?”

अच्युतरावांनी गाडी सुरू केली. थोडं पुढे गेल्यावर घसा खाकरून म्हणाले, “चिमे, ते बघ फुलवाले. झेंडू काय मस्त आलाय आज.”

चिमीचे कान हलले. ते बोलत राहिले. घाट येईपर्यंत ती चक्क घोरायला लागली.

“चलो, जमलं बाबा,” अपूर्वा हळूच म्हणाली. अच्युतरावांनी स्टिअरिंगवरची मूठ सैल केली.

विनताला उत्तर द्यायचं तेवढं राहून गेलं.