तेव्हा दोन कंपन्या होत्या

गाण्याच्या कार्यक्रमाचं पंधराशेचं तिकीट कांचनच्या डोळ्यांदेखत तेवीसशेचं झालं, आणि तिच्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावणाऱ्या अनीशला बरं वाटलं.

रविवारची सकाळ होती. आलमबागच्या रेल्वे क्वार्टरमध्ये चहा गार होत होता. कांचनने पान पुन्हा उघडलं. आता एकोणतीसशे. मागणी वाढल्याचं लाल अक्षरांत लिहून आलं होतं, आणि त्याखाली सुविधा शुल्क वेगळं.

"बघ," अनीश म्हणाला. तो रेल्वेत इंजिनिअर होता. काही समजावून सांगायला लागला की त्याचा आवाज आपोआप मीटिंगमधला व्हायचा. "तिकिटं विकणाऱ्या दोन्ही कंपन्या गेल्या वर्षी एक झाल्या. गोमती नगरचं मैदान त्यांनीच वर्षभरासाठी घेऊन ठेवलंय, गायकाशी करार त्यांचाच, तिकीटही तेच विकणार. दुसरं दुकानच नाही म्हटल्यावर भाव कशाला कमी ठेवतील? मी तर म्हणतो, लोकांनी बहिष्कारच टाकला पाहिजे."

ऑफिसात जगदीश मिश्रांनाही त्याने हेच ऐकवलं होतं आणि "बिल्कुल सही बात है" अशी पावती मिळवली होती. त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. फक्त प्रणवचं नाव त्यात कुठे येत नव्हतं.

प्रणव म्हणजे ज्याचा कार्यक्रम होता तो गायक. नागपूरला कॉलेजात तो गायचा आणि कांचन त्याच्या साथीला पेटी वाजवायची. लग्न ठरलं तेव्हा कांचनने हे सहज सांगून टाकलं होतं, एकदाच. पुढे प्रणव मोठा होत गेला. मॉलमध्ये, वरातीत, पानाच्या टपरीवर त्याचा आवाज ऐकू यायला लागला. अनीशने त्याला कधी समोर पाहिलंही नव्हतं. पण तो आवाज कानावर पडला, की आपल्या खुर्चीवर आपल्या आधी कुणीतरी बसून गेल्यासारखं त्याला वाटायचं.

कांचनने फोन खाली ठेवला नाही.

"चार वर्षांपूर्वी तो इथेच आला होता," ती म्हणाली. "तिकीट सहाशे रुपये होतं. तेव्हाही तू नाहीच म्हणालास."

"तेव्हा…"

"तेव्हा दोन कंपन्या होत्या."

अनीशने गार झालेला चहा उचलला. आकडा एकोणचाळीसशेवर गेला होता. कांचनने आपल्या शिकवणीच्या पैशांतून तिकीट घेतलं. एकच.

"तुझं नाही घेतलं," ती कप उचलता उचलता म्हणाली. "तुझा बहिष्कार आहे ना."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी ती ई-रिक्षाने एकटीच जाणार होती. पण अमीनाबादहून अनीशने हौसेने आणलेला आणि वर्षभर कपाटात पडून असलेला चिकनकारीचा कुर्ता तिने आज घातला, तेव्हा त्याला घरी बसवेना. त्याने स्कूटर काढली. मैदानाच्या फाटकाशी आल्यावर त्याने विचारलंच.

"भेटणार आहेस त्याला?"

"कुठलं भेटणं? माझी जागा सगळ्यात मागे, कठड्यापाशी. तो मला पडद्यावरच दिसणार."

"मग एवढे पैसे कशाला घातलेस?"

कांचनने केसांवरून हात फिरवला. "त्याचं ते पहिलं गाणं आहे ना, त्याच्या सुरुवातीच्या ओळींची चाल मी बसवली होती. कॉलेजच्या पेटीवर, दुपारी, नुसतं खेळता खेळता. आता ते सगळं मैदान एकदम गातं म्हणे. मला ते एकदा ऐकायचंय."

"त्याला तरी आठवतंय का हे?"

"नसेल."

"मला कधी बोलली नाहीस."

"त्याचं नाव निघालं की तू खोलीतून उठून जातोस," कांचन म्हणाली. तिने पर्स खांद्याला लावली आणि ती रांगेत जाऊन उभी राहिली.

अनीश घरी गेला नाही. मैदानाभोवती पत्रे लावले होते. तिकीट न परवडलेली कॉलेजची पोरं पत्र्यांना पाठ टेकून रस्त्यावरच बसली होती. पलीकडे प्रवाशांची वाट बघत ई-रिक्षा उभ्या होत्या. अनीश स्कूटरला टेकून उभा राहिला. एकामागून एक गाणी होत गेली. मध्येच एकदा त्याने स्कूटरची किल्लीही फिरवली, मग पुन्हा बंद केली.

आणि मग आत नुसती पेटी वाजली. चार-पाच सूर. त्या सुरांवर सगळ्या मैदानाने आवाज दिला आणि पत्रे थरथरले.

अनीशच्या काळजात नेहमीची जळजळ उठली, पण या वेळी ती प्रणवपाशी थांबली नाही. आतल्या त्या गर्दीवर, पत्र्याला टेकलेल्या पोरांवर, सगळ्यांवरच ती पसरली. इतक्या अनोळखी माणसांकडे त्याच्या बायकोचं असं काहीतरी होतं, जे त्याच्याकडे नव्हतं.

त्याने पहिली ओळ पुटपुटून पाहिली. तेवढीच त्याला येत होती. लग्नापासून आजवर हे गाणं लागलं की त्याने तिथेच बंद केलं होतं.

शेजारचा ई-रिक्षावाला हँडलवर बोटांनी ताल धरून मैदानाबरोबर गुणगुणत होता. त्याला सगळं गाणं पाठ होतं. अनीश थोडा वेळ त्याच्या ओठांकडे बघत राहिला, मग त्याच्याजवळ सरकला.

"भैया," त्याने हळूच विचारलं, "इसके आगे क्या है?"