जाड पुस्तकांचा वाचक

"...आणि मग राणी त्या सेनापतीचे दोन्ही हात खांद्यापासून उपटते. माणूस जिवंत असताना, बरं का!" ग्रंथपालांनी टेबलावर मूठ आपटली. शिक्क्याची डबी उडाली. "पुढची दोनशे पानं नुसती कापाकापी. घे डोळे मिटून."

समोरच्या तगड्या गड्याने पुस्तक घेतलं. उघडलं नाही. एका हातात धरून भोपळा जोखावा तसं वरखाली केलं.

"याहून जाड नाही का, काका?"

ग्रंथपालांचं काळीज सुपाएवढं झालं. त्यांनी मागच्या कपाटातून लाल पुठ्ठ्याचं, उशीएवढं पुस्तक काढलं. त्यात परग्रहावरचे खाणकामगार मुकादमांना एकेक करून यानाबाहेर ढकलतात आणि त्यांचं रक्त उकळताना काचेतून बघत बसतात. हे सगळं ग्रंथपालांनी हातवारे करून सांगितलं. गड्याने पुस्तक जोखलं. मान डोलावली आणि घेऊन गेला.

विज्ञानकथा आणि अद्भुतकथांचं ते कपाट म्हणजे ग्रंथपालांचा जीव की प्राण. दिसेल त्याला ते त्यातलं पुस्तक सुचवत. बागकामाचं पुस्तक मागायला आलेल्या एका बाईंच्या गळ्यात त्यांनी माणसं सोलून खाणाऱ्या वेलींची कादंबरी मारली होती. त्या बाई पुन्हा फिरकल्या नाहीत. बाकीचे त्यांना पाठीमागे राक्षसकाका म्हणत आणि मासिकं उचलून सटकत. शेवटी वाचनालयाच्या अध्यक्षांनी निर्वाणीचं सांगितलं. येत्या रविवारी समितीपुढे या कपाटाचा एक तरी वाचक उभा करा. त्याने आम्हा चार जणांना एखादं पुस्तक सुचवून दाखवावं. नाहीतर कपाट रद्दीत.

ग्रंथपाल निश्चिंत होते. त्यांचा गडी होता ना! दर आठवड्याला यायचा. पातळ पुस्तकाला हात लावायचा नाही. त्याच्याकडून पुस्तक परत यायचं ते कोपरे चेपलेलं, पाठ खिळखिळी झालेलं. एकदा पुठ्ठ्यावर तपकिरी डाग होता. "चहा सांडला," म्हणाला. ग्रंथपाल रागावले नाहीत. पुस्तक नुसतं चाळून परत करणारे त्यांनी ढिगाने पाहिले होते; हा तर पुस्तकाशी झुंजत होता. आतली पानं मात्र कोरी करकरीत. त्याचंही त्यांना कौतुक. पान न दुमडता वाचतो, घरचं वळण चांगलं दिसतंय! मग त्यांनी आपल्या पगारातून सगळ्या जाड पुस्तकांची बांधणी पक्की करून घेतली आणि कोपरे टिकावेत म्हणून त्यांना एकेका खिळ्याने पितळी पत्रे ठोकून घेतले. लाल पुस्तक त्यातलंच.

रविवारी समिती जमली. गडी आला नाही. आली ती एक सत्तरीची बाई, कानावरून रुमाल बांधलेली. तिने पिशवीतून लाल पुस्तक काढून दोन्ही हातांनी टेबलावर ठेवलं.

"मी त्याची आई. तो झोपलाय. मनगट मुरगळलंय त्याचं."

"अरे देवा! कशानं?"

"पुस्तकानं."

ग्रंथपाल खुर्चीतून उठलेच. "ऐकलंत ना साहेब? वाचून वाचून मनगट गेलं पोराचं! आणि म्हणे या कपाटाला वाचक नाही!"

समिती खो खो हसली. अध्यक्षही विरघळले. "मग आजी, त्याच्या वतीनं तुम्हीच सुचवा आम्हाला एखादं. पुस्तकं घरात येतात म्हणजे ओळख असेलच."

"आहे ना," ती म्हणाली. "सगळ्यांची आहे."

ती कपाटाशी गेली. एकेका पुस्तकावरून तिचं बोट सरकू लागलं. निळ्यापाशी ते थांबलं.

"हे फार वाईट. दोन दिवस उठता आलं नाही मला."

"असंच आहे ते! जागचं हलू देत नाही!" ग्रंथपाल अध्यक्षांकडे बघून म्हणाले. कपाट वाचलं, या आनंदात त्यांना दुसरं काही ऐकूच येत नव्हतं.

तिने वरच्या फळीवरचं पुस्तक काढायला हात उंच केला. बाही कोपरापर्यंत घसरली. सगळा हात काळानिळा होता. त्यात मनगटाच्या वर एक खूण अगदी स्वच्छ उमटली होती. सरळ काटकोन आणि त्याच्या मधोमध खिळ्याच्या डोक्याएवढा ठिपका.

ग्रंथपालांनी टेबलावरच्या लाल पुस्तकाकडे पाहिलं. तो पितळी कोपरा त्यांनी स्वतः पसंत केला होता. जन्मभर रक्तामांसाची वर्णनं चवीने सांगणाऱ्या त्या माणसाने तो कोपरा तळहाताखाली झाकला. अध्यक्षांनी खाली मान घातली. आता कुणीच हसत नव्हतं.

"आजी, त्याला... त्याला आता इथून एकही पुस्तक मिळणार नाही," ग्रंथपाल कसेबसे म्हणाले. "मी हे कपाटच बंद करतो."

"नको, नको!" ती घाबरून वळली. "बंद केलंत तर तो दुसरं काहीतरी शोधेल." तिच्या हातात कागदी बांधणीचं एक पातळ पुस्तक होतं. त्याचा कोपरा तिने अंगठ्याने दाबून पाहिला. तो वाकला. तिने पुस्तक ग्रंथपालांपुढे धरलं.

"हे सुचवा ना त्याला, दादा. याचे कोपरे मऊ आहेत."