खाचेची वीट

बिराप्पानं ती वीट तिसऱ्यांदा उचलली आणि तिसऱ्यांदा खाली ठेवली. ती बसत नव्हती.

बाकीच्या विटा बसल्या होत्या. घरात गॅस आला त्या वर्षी त्यानंच पहारीनं चूल काढली होती आणि तिच्या विटा गोठ्यात कडब्याखाली घातल्या होत्या. आज कडबा सरकवून त्या परत आणल्या, झाडल्या, काजळी मात्र पुसली नाही. काळी बाजू आत, जाळाकडं. एवढं तर कुणालाही कळलं असतं.

घोटाळा एकाच विटेचा होता. तिच्या वरच्या कोपऱ्याला खाच होती. चुलीतला जाळ त्या खाचेतनं शेजारच्या वैलाकडं, म्हणजे जोडचुलीकडं जातो आणि वैलावर कालवण उकळत राहतं. म्हणजे खाच चुलीच्या मागच्या अंगाला यायला हवी. पण बिराप्पानं काळी बाजू आत घेतली की खाच पुढं तोंडाशी येई. खाच मागं नेली की काळी बाजू बाहेर.

आतल्या खोलीत शालूबाई, त्याची बायको, खाटेवर पडून होती. तिचं उजवं अंग गेलं त्याला महिना होत आला. साताऱ्याच्या दवाखान्यातनं आणल्यापासून दिवसाकाठी पेजेचे चार चमचे पोटात जात, तेही निम्मे सांडून. बिराप्पा समोर बसून घास पुढं करी, ती तोंड भिंतीकडं फिरवी. आठवड्यात खायला लागली नाही तर नाकातनं पुन्हा नळी घालावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. पहिली नळी घालताना ती कशी तडफडली ते त्यानं बघितलं होतं. गॅसवरची भाकरी तिला कधी गोड लागली नव्हती. चुलीवरची खाईल, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

गजराबाई, त्याची थोरली भावजय, घमेल्यात माती कालवून घेऊन आली.

"वैनी, ह्या विटा त्याच हायत न्हवं? का ही एक कुठली दुसरीच आली?"

"त्याच हायत." गजराबाईनं घमेलं खाली ठेवलं. "चूल तुमी उलटी मांडलीया, भावजी."

"उलटी कशी? वैल उजवीकडं. आईची अशीच हुती. तुमची बी अशीच हाय."

"माजी हाय. शालूची न्हवती."

तिनं खाली बसून वीट उचलली आणि डाव्या बाजूला लावली. काळी बाजू आत, खाच मागं. वीट बसली.

"डावीकडं?"

"डावरी बाई वैल डावीकडंच घेणार की."

"ती खोड तर मोडली हुती, वैनी. लग्नाच्याच वर्सी."

"तुमच्या म्होरं मोडली." गजराबाईनं मातीचा गोळा विटेवर थापला. "चुलीपाशी कोन बघाय येतंय? चाळीस वर्सं तिच्या हातचं खाल्लं न्हवं? कंच्या हातचं, ते कवा बगितलं?"

"तुमाला ठावं हुतं?"

"साऱ्या आळीला ठावं हाय. तुमालाच तेवडं न्हाई."

बिराप्पाला आठवलं. लग्नानंतरची पहिली जत्रा. पाहुणे पंगतीला बसले होते आणि तिनं डाव्या हातानं त्याच्या ताटात भाकरी वाढली. त्यानं ताट पुढं ढकललं आणि तो उठला. पाहुणे हसले. त्यालाही तेव्हा बरं वाटलं होतं.

चूल दोन दिवस वाळली. तिसऱ्या दिवशी सकाळी गजराबाईनं बाभळीच्या काटक्या घालून ती पेटवली. तव्यावर जोंधळ्याची भाकरी टाकली, वैलावर हुलग्याचं माडगं ठेवलं. जाळ खाचेतनं बरोबर गेला.

ताट घेऊन बिराप्पा आत आला. आज त्यानं घास केला नाही. ताट खाटेवर, तिच्या डाव्या अंगाला ठेवलं आणि समोर बसला.

तिच्या अंगावरची वाकळ हलली. डावा हात बाहेर आला, ताटाच्या कडेपर्यंत गेला. तेवढ्यात तिची नजर त्याच्या नजरेला भिडली. हात परत वाकळेखाली गेला.

"खा की," तो म्हणाला. "त्याच हातानं खा."

तिनं मान हलवली. मग आतल्या आत डाव्या हातानं रेटा देऊन तिनं लुळा पडलेला उजवा हात वाकळेबाहेर ढकलला. तो ताटाजवळ येऊन पडला. बोटं मिटलेली होती.

"अगं, मी काय म्हणत न्हाई आता."

तिचे ओठ वाकडे झाले. बराच वेळ लागला. "लो...क," ती म्हणाली.

"हितं लोक कुठं हायत? मी एकटाच हाय की."

बोलला आणि त्याचं त्यालाच ऐकू आलं.

थोड्या वेळानं तो उठला. दाराकडं तोंड करून, खाटेकडं पाठ करून खाली बसला. मागं काहीच होत नव्हतं. गजराबाई दुसरी भाकरी घेऊन दारात आली, त्यानं तिला हातानंच थांबवलं. ती तिथूनच मागं फिरली. अंगणात कोंबड्या उकरत होत्या. तो त्यांच्याकडं बघत राहिला.

मग पाठीमागं भाकरीचा पापुद्रा मोडल्याचा आवाज आला. थांबला. पुन्हा आला.

"पा...णी."

बिराप्पानं शेजारच्या तांब्यातलं पाणी पेल्यात ओतलं. न वळता पेला मागं धरला. हात अवघडून आला तरी तसाच धरून राहिला. शेवटी मागनं तिनं पेला त्याच्या हातातनं घेतला.