मांडवातली पोर

मुलचेरा गावातल्या घरी टीव्हीवरचा हसवणारा सिनेमा संपत आला होता. नवरदेव भर मांडवातून उठला आणि सोडचिठ्ठी दिलेल्या पहिल्या बायकोकडे धावत सुटला. दोघं पुन्हा एक झाली, तशा पिंकीने टाळ्या पिटल्या. तिच्या आजोबांची बहीण, भावाच्याच घरी म्हातारी झालेली सुगंधाबाई, पडद्याकडे पाहतच राहिली.

"अन् मांडवातल्या पोरीचं काय झालं वं?"

"ते साइड हिरोईन होती, आजी. तिले कोन इचारते? पिक्चर खतम."

"तिचं कुठी खतम झालं, बाई? घरी जाऊन तिले अंगाची हळद धुवा लागन," सुगंधाबाई हळूच म्हणाली. "किती घासली तरी लवकर निघत नाई. माही नव्हती निघाली."