तीन इंच

"अप्पा, इतकी वर्षं तुम्ही चुकीचंच कापताय!" गिऱ्हाइकांसमोरच मी म्हणाले. बारावीत कॅल्क्युलसमधलं कमाल-किमान मूल्यांचं प्रकरण नुकतंच शिकवून झालं होतं. अप्पा अठरा इंची चौरस पत्र्याच्या प्रत्येक कोपऱ्यातून चार इंचांचा चौकोन कापायचे आणि कडा वर वळवून पावाचे ट्रे करायचे. मी गणित मांडून दाखवलं, की तीनच इंच कापले तर ट्रेमध्ये सर्वांत जास्त माल मावतो. अप्पांनी कात्री ठेवली, सगळं समजल्यासारखी मान हलवली आणि पत्र्यावरच्या खडूच्या खुणा पुसून टाकल्या.

या गोष्टीला सात वर्षं झाली. काल अप्पांच्या तेराव्याला बेकरीवाले चाचा आले. "तुम्ही ट्रे घेणं बंद केलंत आणि आमचं दुकान बसलं," मी बोलूनच टाकलं.

चाचा अवघडले. "बेटी, तीन इंची ट्रे एकावर एक रचले की पाव चेपायचे. पुन्हा चार इंची करा म्हणून मी कितीदा विनवलं. अप्पा ऐकेनात."

"पण का?"

"म्हणायचे, माझ्या पोरीचं गणित चुकत नाही."